नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करताना बॅगेत काय काय भरावं?

तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीमुळे लिहायला बसले. तुम्ही म्हणता, पुढच्या सोमवारी नेणार आहोत, त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि सासरे म्हणतात, "लग्नाला जायचंय असं सांग आणि बॅग भरून ठेव." बॅगेत काय भरायचं ते सांगते. पण ती बॅग तुम्ही भरू नका. त्यांना भरू द्या.

आमच्या घरी ही चूक झाली आहे आणि ती करणाऱ्यांत मी होते.

माझा धाकटा भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे. हात इतका चांगला की अडलेला माग त्यानेच लावावा असं मालक म्हणायचे. आधी रात्रपाळी संपल्यावर चपटी, मग पाळीला जायच्या आधी एक, मग पाळीच चुकायला लागली. २०१७ च्या दिवाळीनंतर दादाने ठरवलं, याला आता केंद्रात टाकायचं. "टाकायचं", हाच शब्द. भावाला सांगायचं काय, तर गाणगापूरला सात दिवस सेवेला चाललोय. आमचं घर दत्ताचं, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारं. त्याला संशय यायचं कारणच नव्हतं. उलट तो खूश झाला. आईला म्हणाला, महाराजांच्या पायावर हात ठेवून सोडतो बघ.

बॅग आईने भरली. तिलाही आम्ही खरं सांगितलं नव्हतं. निळी रेक्झिनची बॅग. त्यात सोवळ्याचा कद, उपरणं, पूजेचा तांब्या, नारळ, उदबत्तीचा पुडा, दशम्यांचा डबा आणि माधुकरी मागायला झोळी. झोळी तिने आदल्या रात्री हाताने शिवली होती, जुन्या धोतराची.

गाडी मिरजेकडे न वळता हायवेला लागली तेव्हा त्याने विचारलं, इकडून कुठं? दादा म्हणाला, वाटेत एकाला घ्यायचंय. मी पुढच्या सीटवर होते. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

केंद्राच्या दारात बॅग टेबलावर रिकामी केली. तपासणी सगळीकडे होते, त्यात वाईट वाटून घेऊ नका, तुमचीही होईल. तांब्या बाजूला, नारळ बाजूला, उदबत्ती बाजूला. झोळी त्या माणसाने उलटीसुलटी करून पाहिली, ती कशाची हे त्याला कळेना. भाऊच म्हणाला, "माधुकरीची आहे." मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले. तो काही न बोलता आत गेला.

त्या रात्री त्याला फिट आली. का आली ते नीट वाचा, कारण घरोघरी हेच करतात. सेवेला सोवळ्यात जायचं म्हणून दादाने आदल्या दिवसापासून त्याला थेंब मिळू दिला नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, माणूस बडबडतो, घामाने भिजतो, घरच्यांना ओळखत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. यावर औषधं आहेत, डॉक्टर गोळ्या सुरू करून हळूहळू कमी करतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पण त्या केंद्रात रात्री डॉक्टर नव्हता. कुणाच्या तरी जीपमधून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

म्हणून बॅगेच्याही आधी केंद्राला फोन करून विचारा: पहिल्या आठवड्यात रात्री डॉक्टर हजर असतो का? "आमच्याकडे सगळी सोय आहे" या उत्तरावर फोन ठेवू नका. आणि दाखल करायच्या आधी घरच्या घरी दारू बंद करू नका. शेवटचं कधी प्यायले, किती प्यायले, हे दाखल करताना खरं सांगा. अब्रूसाठी निम्मं सांगाल तर औषध कमी पडेल.

तीन महिन्यांनी भाऊ बाहेर आला आणि त्याच संध्याकाळी प्यायला. माझ्याशी दीड वर्ष बोलला नाही. मधल्या भाऊबीजेला मी ताट लावून बसले होते.

दुसऱ्यांदा तो आपणहून आला, जून २०१९ मध्ये. मागात हात येऊन दोन बोटं चेचली होती, टाके पडले होते. सांगलीला माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला ने कुठंतरी. पण या वेळी मला सांगून ने." मी चार ठिकाणी फोन केले. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये उपचार पस्तीस दिवसांचा असतो, इतर ठिकाणी महिना, कुठे तीन महिने. सगळं त्याच्यासमोर मांडलं. कुठे जायचं ते त्याने ठरवलं. तोवर रोज थोडी थोडी पीत होता आणि मी ते बघत होते. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, दाखल होईपर्यंत एकदम तोडू नका.

आदल्या रात्री बॅग त्याने भरली, तीच निळी. एका हाताला बँडेज, त्यामुळे दोन तास लागले. मी मदतीला गेले तर नको म्हणाला. लेंगा उचलला, नाडी ओढून पाहिली, बाजूला ठेवला आणि इलास्टिकच्या दोन पँटी घेतल्या. मागच्या वेळी नाड्या काढून घेतल्या होत्या, ते त्याच्या लक्षात होतं. मग आफ्टरशेव्हची बाटली आणून माझ्या ओट्यावर ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे. यातलं एकदा प्यायलोय." अंगात शक्ती यावी म्हणून मी द्राक्षासवाची बाटली दिली होती, तीही परत आली. आसवात दारूचा अंश असतो हे मला, चाळीस वर्षं आसव-अरिष्टं घेणाऱ्या बाईला, त्याच्याकडून कळलं. खोकल्याचं औषधही त्यानेच काढलं. मी बॅग भरली असती तर ह्या तिन्ही बाटल्या मी प्रेमाने आत घातल्या असत्या.

शेवटी वहीच्या पानावर त्याने दोन याद्या केल्या. एक फोन नंबरांची, कारण मोबाइल जमा करून घेतात आणि आजकाल कुणालाच नंबर पाठ नसतात. दुसरी देण्यांची: किराणा, भिशीचे दोन हप्ते, तिघांचे हातउसने. ती माझ्या हातात दिली. त्यातल्या एकाचं देणं घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो माणूस पंधराव्या दिवशी भावजयीच्या दारात आला, तेव्हा तिला निदान तो कोण हे ठाऊक होतं. तुम्हीही अशी यादी मागून घ्या. मागे राहणाऱ्या बाईचं निम्मं ओझं त्या कागदावर असतं.

आता तुमचा प्रश्न. रोजचे चार-पाच जोड कपडे, धुवायला आपल्यालाच लागतात अशा हिशोबाने. चप्पल, चादर, टूथपेस्ट, साबण, कंगवा, तेल. चष्मा असेल तर तो, जुना जोड असेल तर तोही. बीपी-शुगरच्या गोळ्या पाकिटासकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, सुट्या डबीत भरलेल्या घेत नाहीत. जुने रिपोर्ट, आधारची झेरॉक्स, फोटो. वही-पेन द्या, तिथे लिहायला सांगतात. दाढीचं ब्लेड, बेल्ट, अंगठी, साखळी, रोख पैसे घरी ठेवा. सेंट, सॅनिटायझर, माउथवॉश देऊ नका, या सगळ्यांत अल्कोहोल असू शकतं. तंबाखूचा नियम आधी विचारा. चादरीच्या घडीत पुडी लपवून पाठवणाऱ्या आया-बायका मी पाहिल्यात. तुम्ही तसं करू नका. पहिल्याच दिवशी तुमचा माणूस त्या पुडीपायी खोटं बोलायला लागतो.

दादा आजही म्हणतो, "पहिल्यांदा मी टाकला म्हणून दुसऱ्यांदा तो गेला. व्यसनी माणसाला विचारून काही होत नसतं." गेल्या गणपतीतही हाच वाद झाला. मी त्याला त्या वेळी जे बोलले नाही ते इथे लिहिते. दादा, दारू पिणाऱ्या माणसाला डोकं असतं. तो दिवसभर हिशोब करतो, कुठे मिळेल, कशी लपवू, कुणाला काय सांगू. एवढं चालणारं डोकं बरं होण्याच्या कामाला तू लावूच दिलं नाहीस. आणि खोटं बोलण्याबद्दल ज्याला आपण दहा वर्षं बोल लावले, त्याला देवाचं नाव घेऊन आपणच फसवलं. यानंतर समुपदेशक त्याला "घरच्यांवर विश्वास ठेवा" कोणत्या तोंडाने सांगणार?

जेवणात न सांगता कालवायच्या पावडरींची गोष्ट तीच. दादाने तीही आणली होती. नशीब, आईने घातली नाही. डायसल्फिरमसारखं दारू सोडवायचं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर बेतू शकतं. ते औषध त्याला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच देतात.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. माणूस शुद्धीत नसेल, भास होत असतील, मारहाण करत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर हे बॅगेचं वगैरे सगळं सोडा आणि थेट इस्पितळ गाठा. त्याच्या होकाराची वाट बघू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. त्याच्या संमतीशिवाय दाखल करायची वाट त्यात आहे, पण दोघांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, आणि मुदत तीस दिवसांपर्यंतची असते. सासऱ्यांनी ठरवलं, गाडी काढली, असं त्यात नाही. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येईल.

आणि माझा भाऊ दुसऱ्या वेळी कायमचा सुटला असंही समजू नका. २०२१ मध्ये तो घसरला, सतरा दिवस प्यायला. अठराव्या दिवशी त्यानेच माळ्यावरून बॅग काढली आणि मला फोन केला. तेव्हापासून प्यायलेला नाही, दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो. त्यामुळे "सांगितलं की सुधारतो" असं मी म्हणत नाही. सांगितलं तर कदाचित तुमचे यजमान चिडतील, सोमवारी यायचं नाकारतीलही. मग पुढचा सोमवार धरा. केंद्राच्या समुपदेशकाला आधी फोन करा, घरी कसं बोलायचं ते ते सांगतात, कुणी कुणी भेटायलाही येतात.

सांगायचं ते सकाळी सांगा, रात्री प्यायल्यावर नको. मुलांनाही खरं सांगा, बाबा आजारी आहेत, उपचाराला जाणार आहेत. सासऱ्यांना समोर बसवू नका. रिकामी बॅग पलंगावर ठेवा आणि काय घ्यायचं ते त्यांना विचारा.

टॉवेल मात्र दोन घ्यायला सांगा. पावसाळ्यात एक वाळत नाही.