वावरातल्या घरापासून २३० मीटरवर पवनचक्की, स्टे मिळेल का?

ताई, तुमचा मेसेज वाचला. तुमचं घर चिखली तालुक्यात, गावठाणात नाही तर वावरातच, धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या शेतात पवनचक्कीचा खड्डा खोदणं सुरू झालंय, मोबाईलवर मोजलं तर घरापासून २३० मीटर भरतं, आणि त्यात तुमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, कंपनीच्या एजंटच्या नादानं तुमच्या वावरातून गाड्या न्यायचं संमतीपत्र नोटरी करून दिलंय. पातं तुटून घरावर आलं तर, रात्री झोप लागेल का, आणि कोर्टातून स्टे मिळतो का असं विचारलंय.

स्टेचं आधी सांगतो कारण गावात सगळे त्याच भरवशावर बसलेले असतात. २०१८ मध्ये स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ४१ ला एक भर घातली, ज्यानं पायाभूत प्रकल्पाचं काम अडेल किंवा लांबेल असा मनाई हुकूम कोर्टानं देऊ नये, आणि त्या प्रकल्पांच्या यादीत वीजनिर्मिती आहे. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच काढणार. म्हणून नुसता दिवाणी दावा टाकून वाट पाहत बसू नका.

तुमचा खरा जोर दुसरीकडे आहे. केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये पवनऊर्जेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मूळ सूचनांत स्पष्ट होतं की आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत टर्बाईन बसवायची नाही; नंतर त्यात दुरुस्त्या झाल्यात, तेव्हा वावरातल्या एकट्या घराला हे लागू आहे का ते ताज्या प्रतीत आधी पाहून घ्या. कंपनीचा माणूस तुम्हाला म्हणाला ना, की आम्ही नियमात आहोत? तो दुसरा नियम सांगत असतो. रस्ता, इमारत, हायटेन्शन लाईन यांच्यापासून खांबाची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर एवढं अंतर लागतं. समजा खांब १२० मीटर आणि वर्तुळ १३० मीटर, तर १२० + ६५ + ५ म्हणजे १९० झाले, तुमचे २३० त्यात बसतात, झालं, तो मोकळा. पण राहत्या घराचा ५०० मीटरचा मुद्दा वेगळा आहे, ताजी प्रत पाहून तो त्याला तोंडावर सांगा.

आता यातली गोम अशी की ते म्हणतील हे घर कुठाय, हा तर गोठा आहे. वावरातल्या घरांची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, बरेचदा नोंदच नसते. तुमची असेल तर उतारा आजच काढा, नसेल तर लाईट बिल, रेशन कार्ड, मतदार यादी, लेकरांच्या शाळेतला पत्ता, जे जे मिळेल ते जमवा आणि नोंदीसाठी अर्जही टाका. मोबाईलचं अंतर कोणी धरत नाही, भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या, क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात पाहिजे. माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून महाऊर्जाकडे (राज्याची अक्षय ऊर्जेची सरकारी संस्था) मंजूर नकाशा, खांबाची उंची आणि पात्याचा व्यास मागा. मग कलेक्टर, महाऊर्जा आणि कंपनी तिघांना लेखी अर्ज. त्यांनी दाद दिली नाही तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट. या सूचना आहेत, कायदा नाही, असं ते म्हणतील, पण परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेला आपल्याच सरकारच्या सूचना झटकणं जड जातं असं माझं मत. हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांच्या कोर्टाचा, रस्ता पण आहे, पुण्याला, मात्र तिथं वाद उभा राहिल्यापासून ६ महिन्यांची मुदत असते, म्हणजे खड्ड्याच्या दिवसापासूनच मोजायला लागा.

पातं तुटायचं म्हणाल तर ते रोज घडत नाही, पण वीज पडून किंवा आग लागून घडतं, आणि आपल्याकडे विजा काही कमी पडत नाहीत. आवाजाचं, चक्की फिरायला लागल्यावरच पाहता येईल, रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, १० नं जास्त भरला की तक्रार करता येते. एक विनंती, अर्जात पंख्यानं ढग पळतात, गाई गाभडतात असलं काही लिहू नका, गावात बोलतात ते बोलू द्या, एक तसलं वाक्य आलं की तुमचे ५०० मीटर कोणी वाचणार नाही.

राहिलं संमतीपत्र. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलं नाही, सासऱ्यांच्या नावावर असेल तर मालकांच्या सहीला तसाही दम नाही. आणि नुसती ये-जा करायची परवानगी असेल तर ती परत घेता येते, फक्त तिच्या भरवशावर त्यांनी पैसा लावून पक्कं काम केलं की मग सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० आडवं येतं. म्हणून रस्त्याचा मुरूम पडायच्या आत स्पीड पोस्टानं परवानगी रद्द केल्याची नोटीस टाका, पोचपावती जपून ठेवा. एजंटनं टोकन म्हणून काही दिलं असेल तर तेही परत करा, पण रोख नका देऊ, चेकनं द्या.