तिने अंडरलाइन केलेल्या ओळी ड्रग्जबद्दल नाहीतच

एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात असं: ‘ताई, माझी मुलगी १६ वर्षांची, अभ्यासात चांगली. आम्ही नवरा-बायको काही वर्षांपूर्वी वेगळे झालो, तेव्हापासून ती माझ्याजवळ असते. परवा तिच्या बॅगेत एलेन हॉपकिन्सचं क्रँक नावाचं पुस्तक सापडलं, कवितेसारखं लिहिलेलं, ड्रग्ज घेणाऱ्या मुलीचं. आत पेन्सिलने खुणा केल्यात. ती मुलगी बापाला भेटायला जाते ती पानं, आणि माझ्यात दुसरीच कुणी मुलगी राहते अशा अर्थाच्या ओळी. मी घाबरले, पुस्तक काढून घेतलं, आता ती माझ्याशी बोलत नाही. घरी करायचं युरीन टेस्टचं किट मागवलंय. तिला न सांगता करू का?’

नका करू. आधी हे सांगते, मग बाकीचं.

पोटची पोर आहे, तुम्ही घाबरणारच, त्यात तुमचं काहीच चुकलं नाही. पण चोरून टेस्ट केली आणि तिला कळलं, आणि हे कळतंच, तर उद्या खरंच काही झालं तरी ती तुमच्याकडे येणार नाही. शिवाय या किटवर तितका भरवसा ठेवता येत नाही, सर्दीच्या काही गोळ्यांमुळेसुद्धा अ‍ॅम्फेटामिन हे ड्रग पॉझिटिव्ह दाखवू शकतं, आणि निगेटिव्ह आलं तर ते फक्त मागच्या काही दिवसांपुरतं. मग त्या पट्टीवरून तुम्ही ठरवणार काय?

आता पुस्तक. तुम्ही फक्त खुणा केलेली पानं वाचलीत असं वाटतंय, तर आधी ते पूर्ण वाचा. पाचशेच्या वर पानं आहेत पण एकेका पानावर मोजक्याच ओळी, भरभर होतं वाचून. हॉपकिन्स यांचं हे पुस्तक २००४ मध्ये आलं आणि त्यामागे त्यांची स्वतःची मुलगी आहे, तिला मेथचं, म्हणजे मेथॅम्फेटामिन या अ‍ॅम्फेटामिनच्याच जातीतल्या ड्रगचं व्यसन लागलं होतं. म्हणजे तुमच्यासारख्याच एका घाबरलेल्या आईने हे लिहिलंय, आणि लिहिताना तिने आईची बाजू नाही मांडली, सगळं मुलीच्या तोंडून लिहिलं, आपल्या मुलीच्या डोक्यात काय चाललं असेल ते शोधत. मला तर वाटतं हे पुस्तक मुलांच्या आधी आईवडिलांनी वाचावं.

त्यातली क्रिस्टिना हुशार, सगळ्यांचं ऐकणारी. खूप वर्षं दूर राहिलेल्या बापाकडे जाते, तिथे एका मुलाच्या नादाने मेथ घेते, बाप स्वतःच घेणारा, तो काय अडवणार. आणि तिच्यातून एक ब्री नावाची धीट, बेफिकीर मुलगी बाहेर येते. ओळी तुटक, कुठे पानावर दोन रांगा, एक रांग वेगळी वाचली तर निराळाच अर्थ निघतो, एकाच मुलीत दोघी कशा बोलतात ते नुसत्या मांडणीतून दिसतं. साध्या गद्यात हे इतकं अंगावर आलं नसतं. सुरुवातीला मेथ घेऊन भारी वाटतं हे पुस्तक लपवत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण मुलांना नुसतंच वाईट सांगितलं आणि त्यांनी कुणाला तरी मजेत घेताना पाहिलं की आपलं सगळंच त्यांना खोटं वाटायला लागतं. पुढे झोप जाते, भूक जाते, घरात खोटं बोलणं सुरू होतं, तिच्यावर बलात्कार होतो, मूल होतं आणि मूल झाल्यावरही मेथ सुटत नाही. अमेरिकेत हे शाळेच्या लायब्ररीतून काढा म्हणून पालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यांची भीती कळते मला. पण हे वाचून कुणाला मेथ घ्यावंसं वाटेल असं मला नाही वाटत.

आणि आता खुणांकडे परत बघा ना. मेथ घेतल्यावर कसं वाटतं त्या पानांवर तिने खुणा केल्याचं तुम्ही कुठेच लिहिलं नाहीये. खुणा आहेत बापाच्या भेटीवर आणि आतल्या दुसऱ्या मुलीवर. तुम्ही वेगळे झालात हे पत्रात एका वाक्यात सांगून पुढे गेलात, तिला कदाचित ते एका वाक्यात संपवता येत नसेल. चांगली मुलगी म्हणून घरात राहायचं आणि मनात राग, आठवण, काय काय चाललेलं असतं ते कुणाला सांगायचं नाही, हे थकवणारं असतं हो. मी तिला ओळखत नाही त्यामुळे माझा अंदाज चुकूही शकतो, म्हणून तिलाच विचारा.

पुस्तक आजच परत द्या. लेक्चर नको, एवढंच म्हणा की मी घाबरले म्हणून काढून घेतलं, मला पण वाचायचंय, तुझं झालं की देशील का. बोलायला समोरासमोर बसवू नका, सोबत चालताना किंवा काम करताना जास्त बोलतात या वयाची मुलं. बाबांना भेटावंसं वाटतं का विचारा, आणि उत्तर तुम्हाला आवडलं नाही तरी मध्ये बोलू नका. ड्रग्जबद्दलही सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात भलतं येत नाही, फक्त पुस्तक पुरावा म्हणून समोर ठेवू नका.

लक्ष ठेवायचंच तर तिच्या वागण्यावर ठेवा. रात्र रात्र जागी आणि मग दिवसभर झोप, अचानक वजन उतरणं, जुने मित्रमैत्रिणी सगळे सुटणं, पैसे गायब होणं, मार्क घसरणं, यातलं एखादं असेल तर ते या वयात किंवा उदास असतानाही होतं, पण बऱ्याच गोष्टी एकदम दिसल्या तर तिला सांगून, तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे किंवा काउन्सेलरकडे जा. आणि तिने घेतलंय असं निघालं तरी हा आजार आहे, उपचार होतात, मध्ये पुन्हा घेतलं गेलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

किट परत पाठवता येत असेल तर पाठवून द्या. आणि वडिलांबद्दल ती काय म्हणाली ते मला नक्की लिहा, तिला त्यांना भेटायचं असेल तर ते कसं जमवायचं यावर आपण पुढच्या वेळी नीट बोलू.