हलकी, महागडी रोड सायकल घेतली तर वेग वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७८ किलो, सायकल साडेदहा किलोची अलॉयची (अॅल्युमिनियमची), रविवारच्या ग्रुपमध्ये दरवेळी मागे पडता, आणि दुकानदार आठ किलोची कार्बन फायबरची सव्वादोन लाखाला देतोय. ती घेतली तर ग्रुपला धरून राहता येईल का?

त्या अडीच किलोंच्या जोरावर तरी नाही. आणि हे मी पैसे राखून बसलेल्या माणसाच्या थाटात सांगत नाहीये. मी ती चूक, म्हणजे चूक म्हणवत नाही अजून, पण ती खरेदी करून बसलोय. (मी सगळीकडे सायकलच लिहिणार आहे. आमच्या घरात बाईक म्हटलं की आईला अजून पल्सर आठवते.)

माझी जुनी सायकल १०.६ किलोची, ५२,००० ची. नवी ८.२ किलोची, १,८५,००० ची. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे, तो इथे लिहीत नाही. मी पुण्यात राहतो आणि महिन्यातून दोन-तीनदा सिंहगड चढतो. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत लागलेला वेळ एका वहीत लिहून ठेवायची जुनी सवय आहे. राईड नोंदवणारं स्ट्राव्हा अॅप आहेच, पण वहीत समोर रकाना असतो: झोप कशी झाली, वारा होता का, पुढे कोणी होतं का. तोच रकाना पुढे कामाला आला.

नव्या सायकलवर पहिल्याच रविवारी ५१ मिनिटं ४० सेकंद. जुन्यावर माझी सरासरी ५४ च्या आसपास. वर पोचून मटक्यातलं दही खाताना मी इतका खूश होतो की भेटेल त्याला सायकल उचलून बघायला लावत होतो. पुढच्या रविवारी ५३. मग ५५. मग ५४ वर थोडे सेकंद. मग मात्र मी वही घेऊन बसलो.

हिशेब सोपा आहे, शाळेतल्या फिजिक्सवर भागतो. तो रस्ता साधारण ९ किलोमीटरचा आणि चढ ६०० मीटरच्या जवळपास. कमी झालेलं वजन २.४ किलो. गुणिले ६०० मीटर, गुणिले ९.८. उत्तर १४,००० ज्यूलच्या थोडं वर येतं. मी त्या चढावर सतत १८५ वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. भागा. ७६ सेकंद. म्हणजे फायदा खोटा नाही, सव्वा मिनिट खरोखर वाचतं. फक्त जादा मोजलेल्या १,३३,००० रुपयांना भागलं तर एक सेकंद साडेसतराशेला पडतो.

पण खरी मेख पुढे आहे. जुन्याच सायकलवरच्या माझ्या वहीतल्या वेळा पाहिल्या तर चांगला दिवस आणि वाईट दिवस यांत तीन-चार मिनिटांचा फरक सहज दिसतो. आदल्या रात्री लग्नाचं जेवण, मार्चमधलं ऊन, समोर एखादी जीप धूर सोडत चाललेली. त्या गोंधळात सव्वा मिनिट कुठल्या कुठे हरवतं. पहिल्या रविवारचे ५१:४० कसे आले तेही रकान्यात लिहिलेलं होतं: थंडी, आठ तास झोप, आणि पुढे एक कॉलेजचा मुलगा, ज्याला मी शेवटच्या वळणापर्यंत सोडला नाही. सायकल नवी होती म्हणून मी जीव काढून चालवली. ५० ची नवी टोपी घातली असती तरी कदाचित तसाच गेलो असतो.

याच प्रकाराची एक मजेदार चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या डिसेंबर २०१० च्या अंकात छापून आली आहे. चेस्टरफील्डच्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ डॉ. जेरेमी ग्रोव्हज शेफील्डहून रोज सायकलने कामावर जायचे, जाऊन-येऊन ४३ किलोमीटर. त्यांच्याकडे ५० पौंडांना घेतलेली जुनी पोलादी सायकल होती, १३.५ किलोची. नंतर १,००० पौंडांची कार्बन घेतली, ९.५ किलोची. आपण लवकर पोचतोय का, अशी शंका आली म्हणून रोज सकाळी नाणं उडवायचं आणि छाप-काटा पडेल ती सायकल काढायची. असे ५६ दिवस. पोलादीची सरासरी १ तास ४७ मिनिटं ४८ सेकंद. कार्बनची १ तास ४८ मिनिटं २१ सेकंद. यावरून पोलाद जास्त पळतं असं म्हणायचं नाही, तो अर्ध्या मिनिटाचा फरक निव्वळ योगायोगाचा. पण तब्बल ४ किलो उतरवूनही रोजच्या वाऱ्यापावसात तो फायदा नजरेस पडला नाही, आणि माणूस तर आकड्यांशी वैर नसलेला होता.

आता सपाटीचं. तुमचा ग्रुप घाटात निसटतो की सपाटीवर, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सोलापूर रोडसारख्या राईड म्हणताय म्हणजे बराचसा सपाटीवरच असणार. तिथे तर वजनाचा विषयच संपला. ताशी ३० ने जाताना अडीच किलो जादा वजन ओढायला तुम्हाला एक वॅट लागतो. ४० किलोमीटरच्या राईडमध्ये फरक दहा-बारा सेकंदांचा. सिग्नलवरून सुटताना जो जडपणा जाणवतो म्हणतात, तोही मोजून पाहिला: शून्यापासून तिसापर्यंत यायला त्या अडीच किलोंचे ९० ज्यूल लागतात, म्हणजे दरवेळी अर्धा सेकंदसुद्धा नाही.

सपाटीवर भांडण वाऱ्याशी असतं. या वेगाला तुमच्या ताकदीचा तीन-चतुर्थांश भाग हवा बाजूला सारण्यात जातो, आणि ती हवा अडवणाऱ्यांत सायकलचा वाटा जेमतेम पाव, बाकी सगळे आपण. छाती, खांदे, आणि वाऱ्याने फुगलेला तो मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेला टीशर्ट. याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण ट्रॅकवरचं आहे. एका तासात किती अंतर, हा विक्रम एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत केला, ४९.४३१ किलोमीटर. त्यासाठी सायकल हलकी करायला सुट्या भागांना भोकं पाडली होती. १९९६ मध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने मँचेस्टरला हात पुढे ताणून, उडणाऱ्या सुपरमॅनसारखं बसून ५६.३७५ किलोमीटर केले. पुढे ती बैठक नियमाबाहेर गेली आणि मर्क्सच्या धर्तीच्या साध्या सायकलवर पुन्हा विक्रम मोजायचं ठरलं. २००० साली तोच बोर्डमन, तोच मँचेस्टरचा ट्रॅक: ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. मधल्या चार वर्षांत त्याचं वय वाढलं होतं हे धरलं तरी सात किलोमीटर वयाने जात नाहीत. ते बसण्याच्या पद्धतीने आणि हवा कापणाऱ्या सामानाने आले होते.

म्हणून तुमचा पहिला खर्च मी सांगेन तो अंगाला घट्ट बसणाऱ्या जर्सीचा आणि एका नीट फिटिंगचा. कोपर वाकवून, हात खाली ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, ठेवून अर्धा तास बसता आलं पाहिजे. बहुतेकांना येत नाही. पाठ भरते, मग उठून हूडवर (ब्रेकच्या मुठींवर) हात आणि छाती वाऱ्याला. सॅडल (सीट) सेंटिमीटरभर वर-खाली आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, थोडा आखूड, एवढ्याने माझं भागलं.

दुसरा खर्च टायरचा, आणि इथे मी हात आखडता घेऊ नका म्हणेन. पंक्चरच्या भीतीने आपण सगळे जाड, कडक टायर घालतो. चांगल्या मऊ टायरच्या तुलनेत अशी जोडी ताशी ३० च्या वेगाला १५-२० वॅट खाऊ शकते. अडीच किलोंचा एक वॅट, टायरचे पंधरा. आणि हवा बेताची भरा. मीही पूर्वी २३ एमएम रुंदीच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठासायचो, टायर दगडासारखा लागला की समाधान. आपल्या रस्त्यांवर तो टायर फिरत नाही, उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला आपलं शरीर हादरे पचवत ताकद घालवतं. २८ एमएम घाला, तुमच्या वजनाला ७५-८० पुरे.

ग्रुपमध्ये तर एक फुकटचा उपाय आहे. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून राहिलात तर ताकद पाव ते एक-तृतीयांश वाचते. मागे पडणारे बरेच जण ताकदीने नाही, अंतराने मागे पडतात: वळणावर दोन सायकलींची फट पडते, मग ती भरून काढायला एकट्याने वारा खायचा, दमायचं, आणि पुढच्या वळणावर चार सायकलींची फट.

गिअरबद्दल दुकानात कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. माझ्या जुन्या सायकलला पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या मोठ्यात मोठ्या चक्राला ३२ दात होते. नवी शर्यतीच्या बेताची, पुढे ३६ आणि मागे मोठ्यात मोठा २८. म्हणजे सगळ्यात हलका गिअरसुद्धा आधीपेक्षा वीस टक्क्यांनी जड. सिंहगडच्या खड्या वळणांवर पाय मिनिटाला पन्नास फेरे मारताना गुडघे बोलायला लागले. शेवटी मागचा कॅसेट (चक्रांचा संच) ३४ चा केला, त्यासाठी लांब केजचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, घ्यावा लागला, चेन वाढवावी लागली. सव्वादोनशे ग्रॅम वजन वाढलं. त्या महिन्यापासून माझ्या वेळा खरोखर सुधारल्या.

आता मुकाट्याने गिळलेली गोष्ट सांगतो. सायकल घेऊन पाचेक आठवडे झाले असतील. मुळशीकडे जायला चाकं काढून ती गाडीत घातली होती, परत बसवली. नंतरचे तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो की ही सायकल पळते नुसती, पाय लावला की सुटते. मग सर्व्हिसिंगला नेली. आमचा मेकॅनिक बोलणारा नाही. त्याने सॅडलला धरून मागचा भाग उचलला, पॅडलला हात न लावता चाकाला एक फिरकी दिली. चाक दीड फेरा फिरून थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा दीड फेरा, आणि आता शांत दुकानात मलाही ऐकू आलं, बारीक सूं सूं.

“ब्रेक धरतोय साहेब. कधीपासून?”

“आजच असेल,” मी म्हणालो.

त्याने डिस्कवरून बोट फिरवून दाखवलं, एका बाजूला चकचकीत घासलेलं कडं पडलं होतं. कॅलिपरचे (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाचे) दोन बोल्ट ढिले केले, ब्रेक दाबून धरला, पुन्हा आवळले. दोन मिनिटांचं काम. आता फिरकी दिली तर चाक फिरतच राहिलं, तोवर त्याने चेन पुसायला घेतली आणि फडक्यावर मुळशीची काळी माती उमटली. पैसे घेतले नाहीत त्याने. त्याने घ्यायला हवे होते असं मला वाटलं. तीन आठवडे अर्धा ब्रेक लावून चालवत होतो आणि ‘पळते नुसती’ म्हणत होतो.

याचा अर्थ महाग सायकल घेऊ नका असा नाही. माझी मी विकलेली नाही, विकणारही नाही. तिचे गिअर लोण्यासारखे पडतात, डिस्क ब्रेकमुळे पावसात उतार उतरताना पोटात गोळा येत नाही, आणि पहाटे साडेपाचला ती दाराशी उभी दिसली की गादीवर परत पडावंसं वाटत नाही. जास्त दिवस चालवली जाते, त्याने पाय तयार होतात, आणि अशा आडवळणाने वेग वाढतोही. आज माझी सिंहगडची वेळ ४७ च्या आत-बाहेर आहे. वही बघितली तर त्यातले मिनिट-सव्वा मिनिट सायकलचं, थोडं गिअरचं, आणि बाकीचं मंगळवार-गुरुवारच्या बोपदेव घाटाच्या चकरांचं आणि सुटलेल्या चार किलो पोटाचं. चढावर गुरुत्वाकर्षण किलो पोटाचा की फ्रेमचा हे विचारत नाही.

तुम्ही आधी असं करून बघा. ग्रुपमधल्या तुमच्या उंचीच्या कोणाकडून कार्बनची सायकल चार रविवारांसाठी मागून घ्या, त्याला तुमची द्या. सॅडलची उंची तुमच्या मापाला लावून घ्या, टायर दोन्हींना सारखे घाला, आणि नाणं उडवून कुठल्या रविवारी कुठली ते ठरवा. वेळा लिहून ठेवा, पण त्या दिवशीची झोप आणि वाराही लिहा.

आणि तरीही घ्यायचीच ठरली, तर सव्वादोन लाखातली मागे ३२ किंवा ३४ दात देणारी आणि फ्रेममध्ये २८ चे टायर आरामात बसणारी घ्या, मग ती आठाऐवजी साडेआठ किलोची भरली तरी चालेल. आणि दुकानातून निघायच्या आधी मागचं चाक उचलून हाताने एक फिरकी देऊन बघा.