एरोस्पेस शिकून विमानाऐवजी पवनचक्कीत काम करता येतं का?

तुम्ही विचारलंय की एरोस्पेसची डिग्री हातात आहे, विमानवाल्या कंपन्यांत शिरकाव होत नाहीये, तर शिकलेलं पवनऊर्जेत चालेल की सगळं पाण्यात गेलं. मी ब्लेड डिझाइनमध्ये आहे आणि शिक्षण एरोस्पेसचंच, म्हणून सांगतो, एरोडायनॅमिक्स जवळपास जसंच्या तसं चालतं पण विमानवाल्यांच्या सवयी सोडाव्या लागतात, आणि ते दुसरं जास्त जड जातं.

वारा पातं ढकलतो म्हणून पवनचक्की फिरते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये, पातं विमानाच्या पंखासारखं लिफ्टवर (म्हणजे वाहत्या हवेच्या काटकोनात मिळणाऱ्या बलावर) चालतं, म्हणूनच वारा सेकंदाला 10-12 मीटरचा असला तरी मोठ्या टर्बाइनच्या पात्याचं टोक 80-90 मीटरने पळतं, म्हणजे ताशी 300 किमीच्या आसपास. मुळाशी वेग कमी आणि टोकाला जास्त, त्यामुळे प्रोपेलरसारखाच पीळ द्यावा लागतो आणि गणितही प्रोपेलरवाल्यांचंच, ग्लावर्टची ब्लेड एलिमेंट मोमेंटम थिअरी (पात्याचे छोटे तुकडे धरून प्रत्येकावरचं बल काढायची पद्धत) आम्ही आजही रोज वापरतो. वाऱ्यातली जास्तीत जास्त 59.3 टक्केच ऊर्जा काढता येते, ही मर्यादा ज्याच्या नावावर आहे तो बेट्झ जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या एरोडायनॅमिक्समधल्या दिग्गजासोबत काम करायचा.

आता सवयींचं. विमानात स्टॉल (हवा पंखावरून सुटते आणि लिफ्ट कोसळते) म्हणजे संकट, बरोबर? जुन्या टर्बाइनमध्ये तो मुद्दाम घडवायचे. पाती हबला पक्की बसवलेली, वारा जास्त झाला की पातं आपोआप स्टॉलमध्ये जायचं आणि पॉवर मर्यादेत राहायची, वेगळा कंट्रोल नकोच. पण सुरुवातीला एअरफॉइल (पात्याच्या छेदाचे आकार) घेतले विमानांचे, NACA या नासाच्या आधीच्या अमेरिकन संस्थेचे, आणि कॅलिफोर्नियात काय झालं की पात्याच्या पुढच्या कडेवर किडे चिकटून खरबरीतपणा यायचा, स्टॉल वेळेआधी व्हायचा आणि पॉवर पडायची, पाऊस येऊन पाती धुतली की परत वर. विमान त्या किड्यांच्या थरातून वर निघून जातं आणि खाली उतरल्यावर कोणीतरी पुसतंही, टर्बाइन तिथेच उभी. मग अमेरिकेत 1984 पासून घाणीला कमी दाद देणारे वेगळे एअरफॉइल बनवायला घेतले. आता मोठ्या टर्बाइनमध्ये पिच कंट्रोल असतो, पातंच वळवतात, तरी पावसाने आणि धुळीने पुढची कड झिजणं हा प्रॉब्लेम आहेच.

आणि फटिग, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन मटेरियल थकणं! साधा हिशोब करा. मिनिटाला 15 फेरे धरले तर 20 वर्षांत साधारण 15 कोटी फेरे होतात, बंद राहण्याचा काळ वजा केला तरी दहा कोटींच्या वर, आणि प्रत्येक फेऱ्यात पात्याच्या स्वतःच्याच वजनाचं बेंडिंग एकदा इकडे एकदा तिकडे. प्रवासी विमान आयुष्यात काही दहा हजार उड्डाणं करतं, तेही दर वेळी कोणीतरी तपासून सोडतं. इथे टर्बाइन डोंगरावर एकटी, आणि पातं विमानाच्या भावात बनवणं परवडतच नाही, त्यामुळे बहुतेक ग्लास फायबर, मध्ये बाल्सा किंवा फोम, रेझिन व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, कार्बन फक्त जिथे टाळताच येत नाही तिथे. 80 मीटरच्या पात्यासाठी ऑटोक्लेव्ह (विमानाचे भाग दाबाखाली भाजायची भट्टी) कोण बांधणार.

हे न समजल्यामुळे मोठमोठे लोक आपटलेत. नासाच्या प्रोग्रॅममध्ये बोईंगने दोन पात्यांच्या प्रचंड टर्बाइन बनवल्या, शेवटची 3.2 मेगावॅटची हवाईमध्ये 1987 ला. जर्मनीत 1983 ची ग्रोवियान, 3 मेगावॅट, रोटर 100 मीटरचा, तीही दोन पात्यांचीच, ती भेगांमुळे बहुतेक काळ बंदच राहिली आणि काही वर्षांत काढून टाकली. कागदावर दोन्ही सुंदर, हलक्या, कार्यक्षम. आणि बाजार कोणी मारला तर डेन्मार्कमधल्या शेतीची अवजारं बनवणाऱ्यांनी, वेस्टास त्यातलीच. त्यांनी युल नावाच्या इंजिनियरची 1957 ची तीन पात्यांची 200 किलोवॅटची गेसर टर्बाइन डोळ्यासमोर ठेवली, जड आणि ठोकळेबाज पण दहा वर्षं फारशी कटकट न करता चाललेली, आणि लहानापासून सुरुवात करून दरवर्षी थोडी मोठी केली. माझ्या मते बोईंगवाल्यांचं गणित चुकलं नव्हतं, त्यांनी उडी फार लांब मारली.

तर तुम्ही कंपोझिट्स, फटिग आणि एरोइलॅस्टिसिटी (हवेच्या जोराने पातं कसं वाकतं-थरथरतं ते) पक्कं करा, फ्लाइट मेकॅनिक्स आणि कॉम्प्रेसिबल फ्लो इथे फारसं कोणी विचारत नाही. क्यूब्लेड हे पाती डिझाइन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ड्रेलाच्या एक्सफॉइल या एअरफॉइल तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं गणित आहे. एकच एअरफॉइल दोनदा चालवा, एकदा स्वच्छ आणि एकदा ट्रान्झिशन (गुळगुळीत प्रवाह खळबळीचा होतो ती जागा) पुढच्या कडेजवळ जबरदस्तीने लावून, म्हणजे घाण पात्यासारखं, लिफ्ट किती पडते बघा आणि मग पात्याच्या मुळाजवळच्या जाड एअरफॉइलवर तेच करा. साताऱ्याजवळ असाल तर ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन जुन्या लहान टर्बाइन बघून या, आणि मुलाखतीत कोणी विचारलं की पातं अजून हलकं का नाही करत, तर आधी खर्च किती आणि फेरे किती ते विचारा.