वाचकांचे प्रश्न : चामडे, लेझर आणि काजळी

प्रश्न : मी गेली तीन वर्षे छंद म्हणून चामड्याची पाकिटे, किल्लीला अडकवायचे बिल्ले आणि कमरेचे पट्टे हाताने शिवते. भेट देताना त्यांवर नाव किंवा छोटीशी नक्षी असावी असे वाटते. परंतु ठसे मारून अक्षरे एका ओळीत येत नाहीत. म्हणून घरी ठेवता येईल असे लेझरचे कोरीवकाम करणारे यंत्र घेण्याचा विचार आहे. एका परिचितांच्या यंत्रावर धारावीतून आणलेल्या तपकिरी चामड्याचा तुकडा करून पाहिला, तेव्हा अक्षरे राखाडी-काळी आणि चिकट उमटली, आणि आठवडा उलटला तरी वास गेला नाही. दोष यंत्राचा की चामड्याचा? आम्ही सदनिकेत राहतो, तेव्हा कोणते यंत्र घ्यावे याविषयी आपण मार्गदर्शन करावे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही केलेल्या वर्णनावरून दोष बहुधा चामड्याचा आहे. यंत्र कोणतेही घेतले तरी ते शेवटी चामडे जाळण्याचेच काम करते, आणि आपण नेमके काय जाळतो आहोत हे ठाऊक नसेल तर महागातले यंत्रही हाच राखाडी चिकटा देईल. म्हणून यंत्राआधी चामड्याविषयी लिहितो.

कातडे कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक सालीची : आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे आठवडेच्या आठवडे मुरत ठेवतात. दुसरी क्रोमच्या क्षारांची. ती जलद उरकते, तीतून निघणारे चामडे मऊ आणि पाण्याला टिकणारे असते, आणि म्हणूनच आज बाजारात पर्स, जॅकेट व बुटांचे वरचे भाग यांसाठी मिळणारे बहुतेक चामडे याच पद्धतीचे असते. सालीचे चामडे लेझरखाली स्वच्छ तपकिरी ते गडद काळसर उमटते आणि अक्षराची कड धारदार राहते. क्रोमचे चामडे मात्र राखाडी पडते, कडेला आक्रसते आणि वर चिकट काजळी सोडते. रूपाचा प्रश्न एक वेळ बाजूला ठेवता येईल, प्रकृतीचा ठेवता येणार नाही. क्रोमच्या चामड्यातील क्रोमियम त्रिसंयुजी असते आणि वापरताना त्याचा सहसा त्रास होत नाही. पण उष्णतेने त्याचा काही भाग षट्संयुजी क्रोमियममध्ये बदलू शकतो आणि ते कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंसाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम अशी ठेवली आहे, यावरून हा विषय किती काटेकोरपणे घेतला जातो हे लक्षात येईल. घरात, बंद खोलीत, छंदापायी हे चामडे जाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चामडे कसे ओळखावे? दुकानदाराला विचारावे हे खरे, पण तो सांगेल त्यावर थांबू नये. रापीने, म्हणजे चामडे कापण्याच्या सुरीने, ताजा छेद घेऊन कड उजेडात पाहावी. सालीच्या चामड्याचा गाभा वरपासून खालपर्यंत फिकट तपकिरी दिसतो, तर क्रोमच्या चामड्यात दोन रंगीत थरांच्या मध्ये निळसर राखाडी रेघ दिसते. रंग आरपार मुरवलेला असेल तर ही खूण फसवते. अशा वेळी उकळत्या पाण्याची परीक्षा घ्यावी. बोटाएवढी पट्टी कापावी, कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची बाह्यरेषा काढावी, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या भांड्यात पाणी खळखळून उकळावे आणि पट्टी त्यात दोन-तीन मिनिटे ठेवावी. चिमट्याने बाहेर काढून पुन्हा त्याच रेषेवर ठेवली की निकाल डोळ्यांसमोर असतो. सालीची पट्टी आखडते, वाकडी होते आणि सुकल्यावर लाकडासारखी कडक होते, कारण तिचे तंतू साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसलाच आक्रसतात. क्रोमची पट्टी १०० अंशांनाही जवळपास तशीच राहते. काही चामडी आधी सालीत आणि मग क्रोममध्ये कमावलेली असतात व त्यांची पट्टी अर्धवट आखडते. तीही लेझरपासून दूरच ठेवावी. माझ्याकडे अशा तपासलेल्या पट्ट्यांचा एक डबाच आहे, आणि ‘शंभर टक्के सालीचे’ म्हणून विकत घेतलेल्या ज्या तुकड्याने पाण्यात हूं की चूं केले नाही, तो मी त्यात मुद्दाम सर्वांत वर ठेवला आहे.

आता यंत्र. छंदासाठी दोन प्रकारांतून निवड करावी लागते. कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचे यंत्र १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण देते. तो सर्व रंगांच्या चामड्यात सारखाच शोषला जातो आणि जाड चामडेही सफाईने कापतो. (या लेझरचे जनक डॉ. कुमार पटेल हे मूळचे बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी तो सिद्ध केला. चामड्यावर नाव कोरताना ही गोष्ट आठवली की मला उगाचच बरे वाटते.) मात्र हे यंत्र अवजड असते, त्याच्या काचेच्या नळीला उच्च दाबाची वीज आणि थंड पाण्याचे अभिसरण लागते, आणि सदनिकेत ते अडचणीचेच होते. दुसरे डायोडचे यंत्र. ते सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा किरण देते, टेबलावर मावते आणि सालीच्या नैसर्गिक रंगाच्या चामड्यावर उत्तम कोरते. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या रंगवलेल्या चामड्यावर त्याचा जोर कमी पडतो, पण तुमच्या कामाला ते पुरेसे आहे. जाहिरातीतील ‘४० वॅट’ हा आकडा पुष्कळदा यंत्र ओढते त्या विजेचा असतो. प्रत्यक्ष किरणाची शक्ती किती, हे विचारून घ्यावे. नाव आणि नक्षी यांसाठी किरणाची शक्ती ५ ते १० वॅट असली की झाले.

माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे : यंत्र चारही बाजूंनी बंद पेटीचे, झाकण उघडताच किरण बंद पडणारे घ्यावे. उघड्या चौकटीची यंत्रे स्वस्त असतात, परंतु त्यांचा किरण चौथ्या वर्गातला, म्हणजे सर्वांत धोकादायक गटातला असतो, आणि निळ्या किरणाचे नुसते परावर्तन डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा करू शकते. उघडे यंत्र वापरायचेच असेल तर त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला, ऑप्टिकल डेन्सिटी (किरण अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ४ किंवा अधिक असलेला चष्मा खोलीतील प्रत्येकाने लावावा; यंत्रासोबत फुकट आलेल्या हिरव्या प्लास्टिकवर विसंबू नये. धूर पंख्याने आणि नळीने खिडकीबाहेर सोडावा. शेजाऱ्यांची खिडकी लगतच असेल तर कार्बनची गाळणी जोडावी, कारण जळक्या कातड्याचा वास लपत नाही आणि सोसायटीच्या सभेत त्याचे उत्तर देणे अवघड जाते. यंत्र चालू असताना खोली सोडू नये, अगदी दारावरची बेल वाजली तरी.

प्रत्यक्ष काम करताना पहिला तास चाचणीच्या तुकड्यावर घालवावा. त्याच चामड्याच्या कतरणीवर आठ-आठ मिलिमीटरचे पंचवीस चौकोन कोरावेत. आडव्या ओळीत वेग बदलावा, उभ्या ओळीत शक्ती. १० वॅटच्या डायोडसाठी मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग आणि २० टक्के शक्ती येथून सुरुवात करावी. निकाल लगेच पाहू नये. आधी ओलसर फडक्याने काजळी पुसावी, मग पाहावे, कारण पुसण्यापूर्वी सर्वांत देखणा वाटलेला गडद चौकोन पुसल्यावर बहुधा खड्डा निघतो. नखाने घासून तळ भुगा होत असेल तर शक्ती जास्त झाली. २ मिलिमीटर जाडीच्या चामड्यात पाव मिलिमीटर खोली पुरते. आसपास काजळी बसू नये म्हणून चामड्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावावी आणि तिच्यावरूनच कोरावे. परंतु रंगवून चकाकी दिलेल्या चामड्यावर ती काढताना चकाकीही निघू शकते, तेव्हा कोपऱ्यात तपासून घ्यावे. चामडे मागून स्पंजाने किंचित ओलसर केले तर कडा कमी जळतात. तेल आणि मेण कोरल्यानंतरच लावावे. वास बराचसा काजळीतच असतो. ती खोगीर-साबणाने (चामडे धुण्याच्या साबणाने) धुऊन तुकडा सावलीत वाळवला की वास झपाट्याने उतरतो.

यंत्र घरात आले की सगळेच त्याच्यावर सोपवण्याचा मोह होतो. कापण्याचे काम मात्र रापीकडेच राहू द्यावे. लेझरने कापलेली कड कोळशाची असते, ती हाताला काळी लागते, आणि घासून गुळगुळीत करायला जावे तर जळका थर सुटून येतो. टाक्यांच्या भोकांचेही तसेच. गोल जळके छिद्र आणि मेणाचा पांढरा दोरा एकत्र आले की पहिल्याच टाक्याला दोरा मळतो. मी लेझरने अगदी कमी शक्तीवर दर ४ मिलिमीटरला फक्त ठिपका उमटवून घेतो आणि भोक आरीनेच पाडतो. ओळ यंत्राची सरळ येते आणि टाका हाताचा राहतो.

प्रश्न : संगणकावर मराठी नाव टाइप करून यंत्राला दिले, तर प्रत्येक अक्षराच्या जोडावर शिरोरेषेत छोटे कोरे चौकोन राहतात. इंग्रजी नावे मात्र नीट येतात. यंत्रात बिघाड आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : यंत्र ठीक आहे. देवनागरी टंकात (फाँटमध्ये) शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात, म्हणूनच कागदावर रेघ अखंड दिसते. लेझरची आज्ञावली मात्र प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र बंद आकृती समजते, आणि दोन आकृती जेथे एकमेकींवर येतात तो भाग ‘बाहेरचा’ धरून कोरा सोडते. भराव न करता केवळ बाह्यरेषा कोरायला सांगितले तर उलटा प्रकार होतो : त्याच जागी किरण दोनदा फिरतो आणि पातळ चामड्यात आरपार जातो. ‘माधव’ या नावाच्या किल्लीच्या बिल्ल्यावर माझी तशीच तीन छिद्रे पडली होती.

उपाय सोपा आहे. इंकस्केप ही विनामूल्य आज्ञावली घ्यावी, तीत नाव युनिकोड टंकात लिहावे, मजकुराचे रूपांतर आकृतीत करावे, गट सुटा करून सर्व अक्षरे निवडावीत आणि त्यांचा संयोग करून एकच आकृती बनवावी. ती एसव्हीजी स्वरूपात साठवून यंत्राला द्यावी. जोडाक्षरे आणि वेलांट्या इंकस्केपमध्ये योग्य जागी बसतात, हा आणखी एक फायदा. टंक निवडताना शिरोरेषा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक येणार नाही असा आकार ठेवावा. लहान अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातील फरक काजळीत बुडतो.

प्रश्न : आमच्या घरी कोल्हापुरी चपलांचा परंपरागत व्यवसाय आहे. पायताणाच्या पानावर, म्हणजे पाय ठेवतो त्या तळाच्या चामड्यावर, लेझरने नक्षी काढता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : चामडे सालीत कमावलेले असेल तर नक्षी छान उमटते, आणि त्या बाबतीत छंद म्हणून काम करणाऱ्या आम्हा मंडळींपेक्षा तुम्ही भाग्यवान आहात. अडचण सपाटीची येते. पानाचे चामडे जाड आणि कमी-जास्त उंचीचे असते, तर डायोडच्या किरणाचा ठिपका नेमका ठरावीक अंतरावरच बारीक राहतो. उंची दोन-तीन मिलिमीटर बदलली की रेघ पसरट आणि फिकट होते. म्हणून पान सुटे असताना, कान आणि अंगठा जोडण्यापूर्वी, कडांना वजने ठेवून सपाट करून कोरावे. तेल दिलेल्या तयार चपलेवर कोरू नये. वेणी आणि हातठशांची नक्षी मात्र लेझरने करू नये, असे सुचवतो. ठशाने चामडे दबते, जळत नाही, आणि रोज घामात भिजणाऱ्या पायाखाली दबलेली नक्षी जळलेल्या नक्षीपेक्षा जास्त दिवस टिकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे येतात. लेझरचा वापर गिऱ्हाइकाचे नाव किंवा तुमच्या घराण्याची खूण पानाच्या टाचेकडे घालण्यापुरता ठेवला, तर मूळ कामाला धक्का लागणार नाही.

प्रश्न : सरावासाठी रेक्झीन चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालणार नाही. रेक्झीन म्हणून मिळणारे पुष्कळसे कापड पीव्हीसीचे असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे लोखंडी दांडे व भिंगही खातो. शंका असेल तर तांब्याची उघडी तार चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावी, रेक्झीनला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ही परीक्षा उघड्या खिडकीशी, अगदी लहान तुकड्यावर करावी. ज्योत हिरवी झाली नाही म्हणजे परवानगी मिळाली असेही नाही, कारण पॉलियुरेथेनच्या कृत्रिम चामड्यात क्लोरीन नसते, पण ते जळताना हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. सरावाला पट्टे करणाऱ्या कारागिराकडून सालीच्या चामड्याच्या कतरणी मागून घ्याव्यात. किलोवर मिळतात आणि स्वस्त पडतात.