आधी चकली पाडा, मग तळा : संलयन-चुंबकांबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रान्समधल्या कादाराश इथे उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या संलयन (हलके अणुगर्भ जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पाबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांनी प्लाझ्मापेक्षा, म्हणजे ज्यात संलयन घडतं त्या अतितप्त वायूपेक्षा, तो कोंडून धरणाऱ्या चुंबकांबद्दलच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चुंबकं साधी तांब्याची का केली नाहीत? हेलियमचा एवढा खटाटोप कशाला? (निवृत्त वीज अभियंता, सातारा)

इटरच्या कॉइल अतिवाहक तारांच्या आहेत : हेलियमने अतिथंड ठेवल्या की त्या विजेला विरोध करत नाहीत, म्हणून प्रवाहाने तापत नाहीत. तुम्ही वीज क्षेत्रातले, तेव्हा थेट हिशेबच मांडू. इटरमध्ये इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या 18 कॉइल गोलाकार उभ्या करायच्या आहेत. प्रत्येकीत 134 वेढे आणि प्रत्येक वेढ्यात 68,000 अँपिअर. गुणाकार केला की 16.4 कोटी अँपिअर-वेढे होतात. केंद्रापासून 6.2 मीटरवर, म्हणजे प्लाझ्माच्या मधोमध, त्यातून 5.3 टेस्ला (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं माप) मिळतात. या 18 कॉइलना लागणारा वाहक 80 किलोमीटरहून लांब आहे. त्यातल्या तारांचं एकूण छेदक्षेत्र साधारण 750 चौरस मिलिमीटर. तेवढंच तांबं वापरून तोच प्रवाह सोडला, तर नुसत्या तापण्यात 8-9 गिगावॅट जातील, आणि संलयनातून मिळवायचे आहेत अर्धा गिगावॅट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! जाडी दहापट केली तरी गणित सुटत नाही. इंग्लंडमधल्या ‘जेट’ यंत्राच्या कॉइल तांब्याच्याच होत्या, पण तिथे प्लाझ्मा एका वेळी थोडे सेकंदच टिकवत.

प्रश्न : नायोबियम-टिन ठिसूळ असतं असं वाचलं. मग त्याची कॉइल वळवतात कशी? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

सोऱ्यातून चकली पाडताना पीठ मऊ असतं, म्हणून ती वळते. तळलेली चकली सरळ करायला जाऊन बघा. इथेही क्रम तोच आहे : आधी वळवायचं, मग भाजायचं.

नायोबियम-टिन हाच या कॉइलमधला अतिवाहक, पण वळवताना तारेत तो नसतोच, भट्टीत तयार होतो. 0.82 मिलिमीटर व्यासाच्या तारेत नायोबियमचे अतिशय बारीक तंतू असतात आणि टिन वेगळं, तांब्यासोबत असतं. तारेवर क्रोमियमचा जेमतेम 2 मायक्रॉनचा मुलामा असतो. तो नसेल तर भट्टीत तारा एकमेकींना चिकटतात, आणि पुढे चुंबकक्षेत्र बदललं की तारेतून तारेत प्रवाह फिरून उष्णता तयार होते. अशा 900 तारा आणि शुद्ध तांब्याच्या 522 तारा टप्प्याटप्प्याने पिळून दोर बनतो. तो पोलादी नळीत ओढतात आणि नळी दाबून 43.7 मिलिमीटर व्यासावर आणतात. दोराच्या मधोमध हेलियमसाठी स्प्रिंगसारखी वाट असते. तारांमध्येही तीस टक्क्यांच्या आसपास जागा मोकळी राहते, तिच्यातून हेलियम झिरपत जातो.

ही नळी वळवून झाली की भट्टी. शेवटचा टप्पा सुमारे 650 अंश सेल्सिअसवर 100 तासांचा, पण तिथे थेट पोहोचायचं नसतं. टिन 232 अंशांना वितळतं. ज्या तारेत शुद्ध टिनचा गाभा आहे ती घाईने तापवली, तर द्रव टिन तार फोडून बाहेर येतं. म्हणून आधी 210 अंशांच्या आसपास बराच वेळ थांबून टिन तांब्यात मुरू देतात. तापमान वाढवायचं तेही तासाला पाचेक अंशांनी. नळीच्या आतून आर्गॉन फिरवत राहावं लागतं. आतलं तेल नीट गेलं नाही, तर कार्बन मागे राहतो.

खरी कसोटी भट्टीनंतर लागते. भाजताना नळीची लांबी किंचित बदलते. एका वेढ्याची लांबी साधारण 34 मीटर. त्यात 0.05 टक्के फरक म्हणजे 17 मिलिमीटर, आणि हा वाहक बसवायचा असतो आधीच कोरून ठेवलेल्या पोलादी तक्त्याच्या खाचेत. म्हणून नमुने भाजून फरक आधी मोजतात आणि वळवतानाच तो हिशेबात धरतात. मग वेढे स्प्रिंगसारखे हलकेच उकलून इन्सुलेशन म्हणून काच आणि पॉलिइमाइडच्या (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पट्ट्या गुंडाळतात आणि वाहक परत खाचेत ठेवतात. उकलताना ताण 0.1 टक्क्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पुढे खाचेवर झाकणपट्ट्या लेझरने जोडायच्या आणि सगळ्यात निर्वातात रेझिन भरायचं.

पिळाचाही एक धडा आहे. 68,000 अँपिअर आणि 11.8 टेस्ला म्हणजे मीटरमागे सुमारे 80 टनांचा रेटा. यंत्राच्या मधल्या उभ्या सोलेनॉइडला (नळकांड्यासारख्या कॉइलला) तर आयुष्यात अशी साठेक हजार आवर्तनं सोसायची आहेत. त्याच्या वाहकाचे सुरुवातीचे नमुने स्वित्झर्लंडमधल्या ‘सुलतान’ चाचणीकेंद्रात तपासले, तेव्हा आवर्तनांसोबत त्यांची क्षमता घसरत गेली. तारा मोकळ्या जागेत वाकत होत्या. पिळाचं अंतर कमी केल्यावर तारा एकमेकींना टेकू देऊ लागल्या आणि घसरण थांबली. धातू तोच होता, फरक फक्त पिळाचा.

प्रश्न : एवढा लांब वाहक अखंड नसणार. जोड कसा देतात? (पॅनल बनवणारे लघुउद्योजक, भोसरी)

तुम्ही केबलला लग क्रिंप करता, त्याचाच हा थोरला भाऊ. वाहकाच्या टोकाची नळी काढून तारांवरचा क्रोमियम उतरवतात. मग टोक एका पेटीत दाबून बसवतात. पेटीची एक बाजू तांब्याची, बाकी पोलादाची. हे दोन धातू स्फोटाच्या दाबाने एकमेकांना जोडलेले असतात. अशा दोन पेट्यांच्या तांब्याच्या बाजू समोरासमोर आणून शिशा-टिनच्या डाखाने जोडतात. नायोबियम-टिन असेल तर पेटी भट्टीच्या आधी आणि डाख भट्टीनंतर.

तुमच्या पॅनलमध्ये जोडाचे मायक्रोओहम मोजतात, इथे नॅनोओहम. 3 नॅनोओहमच्या जोडात 68,000 अँपिअरला 14 वॅट उष्णता होते. दिसायला किरकोळ, पण 4.5 केल्विनवरचा (सुमारे उणे 269 अंश सेल्सिअसवरचा) एक वॅट बाहेर काढायला शीतकरण यंत्रं अडीचशेच्या आसपास वॅट खातात. म्हणजे एका जोडामागे साडेतीन किलोवॅट. क्रोमियम अर्धवट निघाला किंवा डाखात पोकळी राहिली, तर खर्च वाढतोच, शिवाय प्रवाह सगळ्या तारांत सारखा वाटला जात नाही. काही तारा आपल्या मर्यादेला आधी पोहोचतात.

आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने ‘एसएसटी-1’ यंत्राची फेरजुळणी करताना जोडांवरच भर दिला. नायोबियम-टायटॅनियम या दुसऱ्या अतिवाहकाच्या 16 कॉइल जोडणीआधी एकेक थंड करून पूर्ण प्रवाहावर तपासल्या. जून 2013 मध्ये तिथे पहिला प्लाझ्मा मिळाला.

प्रश्न : अतिवाहकता अचानक गेली तर? बटण बंद करून चालत नाही का? (विज्ञान शिक्षक, रत्नागिरी)

इटरच्या त्या 18 कॉइलमध्ये 41 अब्ज ज्यूल साठतात, म्हणजे 11,400 युनिट. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराला साडेनऊ वर्षं पुरतील. ही ऊर्जा एका सेकंदात काढायची तर सुमारे 12 लाख व्होल्ट उभे राहतील. म्हणून ती बाहेरच्या मोठ्या रोधकांत सोडतात, 11 सेकंदांच्या कालस्थिरांकाने (तेवढ्या वेळात प्रवाह सुमारे एक-तृतीयांशावर येतो), आणि रोधक दर दोन कॉइलमागे एक असे वाटून देतात. तेवढ्या वेळात प्रवाह वाहून नेण्याचं काम त्या 522 तांब्याच्या तारांकडे येतं. बिघाड ओळखायचा तो अर्ध्या व्होल्टच्या आसपासच्या खुणेवरून. प्रवाह बदलतानाच कॉइलवर त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज असतं, त्यामुळे ते वजा करणारी जास्तीची तार वाहकासोबतच गुंडाळावी लागते.

प्रश्न : नव्या टेपच्या चुंबकांनी हे सगळं जुनं होईल का? (आयटी क्षेत्रातील वाचक, बंगळुरू)

ही टेप म्हणजे तुलनेने जास्त तापमानालाही चालणाऱ्या अतिवाहकाची पातळ पट्टी. काही भाग जुना होईल. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेत एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी 267 किलोमीटर टेपची कॉइल 20 केल्विनवर 20 टेस्लापर्यंत नेली. वेढ्यांमध्ये इन्सुलेशन ठेवलंच नव्हतं, त्यामुळे एका जागी अडलेला प्रवाह शेजारच्या वेढ्यात सरकतो. भट्टीची कटकटही नाही. पण टेपमधला अतिवाहक थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. लांबीच्या दिशेने तो ताण सोसतो, पापुद्र्यासारखा ओढला तर सुटतो. शिवाय तापलेला डाग फार हळू पसरतो. त्यामुळे व्होल्टेजवरून तो वेळेत कळत नाही आणि तिथेच टेप जळते. त्याच कॉइलवर नंतर मुद्दाम केलेल्या कठोर चाचणीत एक कोपरा जळाला. शिवाय 20 टेस्लाला चुंबकीय दाब 1,600 वातावरणांच्या आसपास जातो. तो पेलायला पोलाद जुनंच लागणार.

प्रश्न : सगळ्यात जास्त दगा कोणता भाग देतो? (सांगलीच्याच विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न)

आमच्या मते हाताने गुंडाळलेलं इन्सुलेशन. कॉइलच्या आतलं नव्हे. जोडांवरचं, आणि संवेदकांच्या तारा बाहेर पडतात तिथलं. पूर्ण निर्वात असेपर्यंत तिथली चीर गप्प राहते. थोडा हेलियम गळून दाब मधल्या पातळीवर आला, की काही शे व्होल्टलाही ठिणगी पडते. मार्च 2021 मध्ये जपानमधल्या नाका इथल्या ‘जेटी-60एसए’ या संलयन यंत्रात एका कॉइलच्या जोडापाशी असंच झालं. इन्सुलेशन कमी पडलं, ठिणगीने हेलियमची वाट फुटली. म्हणून कॉइल निर्वात पेटीत ठेवून, उच्च व्होल्टेज चालू असतानाच वायू हळूहळू सोडून दाबाचा सगळा पट्टा तपासायचा असतो. नाकाच्या यंत्रात दुरुस्तीनंतर पहिला प्लाझ्मा मिळायला ऑक्टोबर 2023 उजाडला.