वॉर्डातली चादर आणि नर्सिंगचं शिक्षण

प्रश्न : मुलगी सोलापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एवढी फी भरून तिला वॉर्डात चादरी बदलायला आणि ताप बघायला लावतात. पाय सुजवून घरी येते. दुसऱ्या एका कॉलेजात वॉर्डला न जाता हजेरी लावून देतो म्हणतात. तिकडे घालू का? – एक पालक, मोहोळ

उत्तर : दादा, तिकडे अजिबात घालू नका. लेकीचे सुजलेले पाय बघून जीव तुटतो, हे मला कळतं. पण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं थिअरीला 80 टक्के हजेरी चालते, क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाची, मात्र पदवी हातात पडण्याआधी 100 टक्के भरावी लागते. खोटी हजेरी लावून फसगत तुमच्या मुलीचीच होईल.

आता त्या चादरीचं सांगते. चादर बदलताना अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कुशीवर वळवावं लागतं. तेव्हाच माकडहाडापाशी लालसर डाग दिसतो. बोटानं दाबून सोडला तरी तो लालच राहिला, तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली समजायचं. आपल्या सावळ्या कातडीवर तर तो लाल दिसतही नाही. हाताला गरम किंवा टणक लागतो. वेळीच सापडला तर दर दोन तासांनी कूस बदलून पुढची जखम टाळता येते. पुस्तकात ही एक ओळ असते, हाताला ती कळायला कितीतरी पेशंट हाताखालून जावे लागतात.

शिवाय आपलं सोलापूर. एका खाटेवर तेलुगू बोलणारी आजी, शेजारी अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे काका. नेमकं कुठं दुखतंय हे त्यांच्याकडून काढून घ्यायला सरावाच्या पुतळ्यावर कसं शिकणार?

एक मात्र मुलीला जरूर विचारा. वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडम सोबत असतात का? लॉगबुकात, म्हणजे तिच्या कामाच्या नोंदवहीत, सही करण्याआधी तिच्याकडून ते काम करून घेतात का? ती दिवसभर नुसती सॅम्पल पोचवत फिरत असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. सरळ प्राचार्यांना भेटा, भीड धरू नका.

आणि रविवारी ती आली की घरातल्या वडीलधाऱ्यांचा श्वास मोजायला सांगा. नाडी बघतेय असं दाखवत ती मनगट धरून ठेवेल आणि मिनिटभर नजर छातीवर ठेवेल. श्वास मोजतेय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून. हे ती वॉर्डातच शिकली असेल.